पोईचं भांडं उघडं असताना

माझ्या हातच्या अळूवडीला दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मान आहे. गणपतीत आमच्या बिल्डिंगमधल्या बायका महिनाभर आधीच सांगून ठेवतात. फक्त माझी मुलगी तिला शिवत नाही. अळूचं पान दिसलं की नाक मुरडते, घसा खाजतो म्हणते. आणि हीच मुलगी त्या रविवारी जबल अलीच्या सर्व्हिस रोडवर, टायरच्या दुकानाला लागून असलेल्या एका छोट्या हॉटेलात, अळूच्या पानात वाफवलेली कोंबडी बोटं चाटून खात होती.

ती मला मुद्दाम तिथे घेऊन आली होती. शाळेतल्या मैत्रिणीबरोबर ती तिथे वरचेवर येते, हे मला दारातच कळलं, कारण आत शिरल्या शिरल्या हॉटेलवाल्या बाईने तिला पोटाशी धरलं. बाई हवाई बेटांवरची, साठीची, केसांत भलंमोठं प्लास्टिकचं फूल. मी खांद्यावर हात ठेवला तरी अंग चोरणारी माझी मुलगी तिच्या कुशीत निवांत उभी राहिली. माझा नुसता जळफळाट झाला.

"पानं कुठून आणता?" मी इंग्रजीत विचारलं.

बाईने आमच्याच केरळी दुकानाचं नाव घेतलं. म्हणजे पानंसुद्धा माझीच!

"चिंच लावता?"

"नाही. तासन् तास वाफवते. आमच्या गावी यात डुकराचं मटण असतं, इथे चिकन."

चिंच नाही! मी मुलीच्या घशाकडे बघत राहिले. खाजू दे, जरासा तरी खाजू दे, असं अगदी मनापासून वाटलं. पोटच्या पोरीचा घसा. पण कसलं काय, तिने दुसरं पान मागवलं.

मग बाईने लाकडी भांडं आणून मध्ये ठेवलं. आत पोई होती, म्हणजे अळकुड्या उकडून, कुटून केलेली जांभळट, आंबूस लापशी. पुढे चाखली तेव्हा मला ती पतंगाच्या खळीसारखी लागली. झाकण काढता काढता बाई म्हणाली, "आमची एक रीत आहे. पोईचं भांडं उघडं असेतोवर टेबलावर कुणी भांडत नाही, आवाज चढवत नाही. अळू आमचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर भांडायचं नसतं." आणि ती आत निघून गेली.

मुलीने भांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, आय डोन्ट वॉन्ट टू डू इंजिनिअरिंग. आय वॉन्ट टू कुक."

पुण्याला माझ्या बहिणीकडे तिची राहायची सोयसुद्धा झाली होती. आणि स्वयंपाक? माझ्या ओट्याशी हिने कधी तांदूळ धुतले नाहीत.

"बाबांना माहितेय?"

"नो. ओन्ली दिस आंटी नोज. सिन्स रमदान."

इंजिनिअरिंग राहिलं बाजूलाच. रमदानपासून! माझ्या घरात जेवून, माझ्या शेजारी झोपून, पोरगी मनातलं सांगायला हायवेपलीकडे या बाईकडे येत होती.

"तिला सांगितलंस? माझ्या आधी?" माझा आवाज चढला.

तिने बोटाने भांडं दाखवलं. "आई. प्लीज. ॲट होम यू वुड हॅव शाउटेड."

ओरडले असतेच. आत्ताही ओरडायचं होतं, आणि झाकण माझ्या कोपराशीच पडलं होतं. मी ते उचललं. भांडं झाकलं की थोरला भाऊ गेला, रीत गेली, खलास. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

मी झाकण शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं.

"सांग," मी म्हटलं. "कुठे शिकायचं ठरवलंयस?"

ती बोलायला लागली. आधी चाचरत, मग भराभर. मध्येच एकदा "अगं, ऐक ना," असं चक्क मराठीत म्हणाली. बोलता बोलता तिची बोटं भांड्यात जात होती आणि पोई संपत चालली होती. ती पुरावी म्हणून मी नखाएवढीच घेत होते.

तळ दिसायला लागला तशी बाई आली. आधी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग मला विचारलं, "आवडली?"

अजिबात नाही. ती खळही नाही आणि ती बाई तर नाहीच नाही.

"आणखी आणा," मी म्हटलं. "भांडं भरून आणा."