ट्रेन ट्रीखालची गीताबाई

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत एक जुनं, पसरट झाड हाय. त्याच्यावर पाटी हाय, 'ट्रेन ट्री'. खरं नाव रेन ट्री. पण पाटी रंगवणारा आमच्याच गावचा. त्याला वाटलं, लिहून देणाऱ्यानं अक्षर खाल्लं. जंक्शनच्या गावात रेन कशाला असंल? दिलं ठोकून!

तवापासून लोक म्हणायला लागले, या झाडाला गाड्या कळतात. कोरड्या उन्हात खाली थेंब पडले की गेलेलं माणूस परत येतं. माझी शेजारीण गीताबाई हेच धरून बसली. तिचा नवरा नागनाथ कामाला म्हणून गाडीत बसला, तो आलाच न्हाई. लोकांची धुणीभांडी उरकली की ही भर दुपारी झाडाखाली. मला लय राग यायचा. "अगं, ऊन लागून मरशील!" म्हणून मी ओरडायचे. ती आपली रुळाकडं बघायलीय.

तिचा लेक धम्मपाल मास्तर हाय. त्यानं समजावलं, "आई, रेन म्हणजे पाऊस, ट्री म्हणजे झाड. इंग्रजांनी दोन शब्द जोडले. वर किडे रस पितेत अन् पाणी सोडतेत, पाऊस पडल्यावानी थेंब येतेत. म्हणून ते नाव. आता बाबा वारले असं मानून त्यांचं पुण्यानुमोदन करू. किती दिवस त्यांना असं लटकत ठेवायचं?"

"थेंब पडू दे, मग बघू," ती म्हणाली.

यंदा तारांत अडकतं म्हणून झाडाच्या सगळ्या फांद्या छाटल्या. नुसतं खोड राहिलं. पान न्हाई, किडा न्हाई. त्या दुपारी मी तिला ओढून आणायलाच गेले. नांदेडकडची गाडी येऊन गेली होती, कुणी उतरलं न्हवतं. गीताबाई मान तिरपी करून बसली होती, शेजारी कुणी असल्यावानी. तिच्या खांद्यावरचा पदर ओलागच्च. खालची माती मात्र कोरडी ठक्क. आईशप्पथ, माझ्या अंगावर काटा आला.

"रडली का काय गं?" म्हणलं. तिचे डोळे कोरडे होते.

घरी येताच तिनं लेकाला हाक मारली. "धम्मपाल, भंतेजींना बोलव. बाबांचं पुण्यानुमोदन करू."

मी म्हणलं, "इतकी वर्षं अडून बसलीस, अन् आज काय झालं?"

"आले होते," ती पदर पिळत म्हणाली. "खांद्यावर डोकं ठेवून लय रडले. म्हणले, आता वाट नको बघू."