मुलं कुणाकडं असतात?
कोऱ्या खणाचा वास आला की चामराजपेटच्या आमच्या घरातली एक निवडणूक आठवते. खासदारकीला उभी राहिलेली एक बाई मतं मागायला आली होती. आईनं तिला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली आणि विचारलं, "मुलं कुणाकडं ठेवून फिरताय, अक्का?" "सासूबाईंकडं," म्हणून ती नळाच्या पाण्याचं बोलायला लागली. ती गेल्यावर काका म्हणाले, "घर टाकून फिरणारी ही बाई दिल्लीत काय करणार?" ओटी भरणाऱ्या आईनंही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिच्या विरोधातला उमेदवार आला. त्याला कॉफी देऊन काकांनी पाण्याचं विचारलं. मी शाळकरी होते, मला खरंच कुतूहल वाटलं, म्हणून विचारलं, "अण्णा, तुमची मुलं कुणाकडं असतात?" तो गोंधळला, मग सगळेच हसले. "स्वल्प आगाऊ आहे," आई त्याला म्हणाली. काल राजाजीनगरात मी स्वतःच आमदारकीसाठी मतं मागत होते. एका घरच्या बाईनं माझ्या ओटीत खण घातला, आणि आता ही बाई पाण्याचं विचारते की मुलांचं, म्हणून मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले.