डावा हात

पाणीपुरवठा कंपनीच्या तक्रार विभागात ती फोन घ्यायची. नळ कोरडा पडलाय, पाणी गढूळ येतंय, पाइप फुटून तळघर भरलंय, असा ज्याचा त्याचा संताप लोक तिच्या कानात ओतायचे आणि ती मधाळ आवाजात म्हणायची, "आपली अडचण मी समजू शकते." हे करून करून आवाज इतका गुळगुळीत झाला होता, की घरी रागवायला गेली तरी लेक हसून विचारायची, "आई, तक्रार नोंदवायला कितवं बटण दाबू?"

आतून मात्र बाई धुमसत असायची. त्या धुमसण्याची सुरुवात फार जुनी. लहानपणी घरात पियानो होता, शिकवायला मास्तर यायचे, पण ते तिच्या भावासाठी. भावाला त्यात काडीचा रस नव्हता. ती दाराला टेकून ऐकत उभी राहायची. "मला पण शिकवा ना," म्हटलं की वडील म्हणायचे, "तू ऐकतेस ना, पुरे झालं." पुढे भावाने शिकणं सोडलं आणि वडिलांनी पियानो विकून टाकला. तिला विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

पन्नाशीला टेकल्यावर तिने घरात इलेक्ट्रिक पियानो आणला, इस्त्रीच्या टेबलाशेजारी मांडला आणि क्लास लावला. सर तिच्याहून लहान, हळू बोलणारे, नीटनेटके. शिकवायचे मन लावून, उगीच खोटं कशाला बोला. बोटं गोल कशी ठेवायची, मनगट सैल कसं सोडायचं, सगळं त्यांनीच बसवलं. घरी ती हेडफोन लावून सराव करायची, त्यामुळे घरच्यांना ऐकू यायची ती फक्त पट्ट्यांची ठकठक. नवरा आतून हाक मारायचा, "अगं, तुझं सुतारकाम झालं की जेवायला बसू!" ती हेडफोनच्या आत दात-ओठ खायची.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला तेव्हा सरांनी तिला एक जुनी, संथ रचना दिली. उजव्या हाताला गोड सुरावट आणि डाव्या हाताला एकच सूर, पुन्हा पुन्हा तोच. मध्ये एक वादळी भाग, मग परत ती सुरावट. तिला ती पहिल्या दिवसापासून चिकटली. सरांनी मात्र पेन्सिल घेऊन जागोजागी लिहिलं, 'नाजूक', 'अजून नाजूक'.

"सर, हा डावा हात इतक्या दबक्या आवाजात का वाजवायचा?"

"ती पार्श्वभूमी आहे, ताई. लोकांना उजवा हात ऐकायचा असतो."

"पण तो हटत नाहीये. वरचा हात काहीही गोडगोड बोलो, हा आपला मुद्दा सोडत नाहीये."

सर हसले. "तुम्ही फार विचार करता. शांत, हळवं वाजवा. तुमच्या वयाला ते शोभेल." आणि मधल्या भागावर त्यांनी आडवी रेघ मारली. "हे आपण गाळू, इथेच संपवू. अवघड आहे, आणि ऐकणारेही दचकतील."

रस्त्याने घरी येताना तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. कॉलेजातल्या पोरांना सर अख्ख्या रचना देतात आणि मला कापून? त्या रात्री नवऱ्याने भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगितलं तेव्हा तिने ताटली अशी ठेवली, की त्याने तीच भाजी पुन्हा वाढून घेतली.

गाळलेला भाग तिने स्वतःच बसवायला घेतला. एका रविवारी चिडून हेडफोनची वायर उपटली आणि सगळी ताकद लावून वाजवलं. इस्त्रीचं टेबल हादरलं. लेक दारात येऊन उभी राहिली.

"कसं वाटलं?"

"खरं सांगू? नुसती आपटतेयस."

"आपटणारच! वादळ आहे ते!"

"अगं, पण पहिल्या सुरापासूनच आपटलंस तर वादळ आलं कधी?"

तिने लेकीला खोलीबाहेर काढलं. पण बोलणं डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी कामावर फोनमागून फोन घेताना तिला जाणवलं, की पहिल्याच शब्दाला किंचाळणाऱ्या माणसांचं आपण काही ऐकतच नाही. घाम फुटतो तो वेगळ्याच माणसांमुळे. आवाज न चढवता तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या, फोन न ठेवणाऱ्या माणसांमुळे.

मग तिने डावा हात हळूच वाजवायला घेतला. हळू, पण ठाम. प्रत्येक वेळी तोच सूर किंचित जड. उजवा हात आर्जवं करत राहिला आणि डावा ऐकेना. मधल्या भागापाशी पोचेपर्यंत तिच्या पोटात आपोआप आग पेटायची, मुद्दाम पेटवावी लागायची नाही.

कार्यक्रमाला खोली पालकांनी भरली होती. नवरा आणि लेक मागच्या ओळीत. ती वाजवायला बसली. रेघ मारलेल्या जागेपाशी थांबल्यावर ठरल्याप्रमाणे सर टाळ्या वाजवायला उठले. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे सुरू केलं. सर हात तसेच धरून उभे राहिले.

वादळात ती दोनदा घसरली, एकदा तर पूर्ण सूर हुकला. पण थांबली नाही. शेवटची सुरावट परत आली तेव्हा ती आता गोड राहिली नव्हती. टाळ्या पडल्या, जरा उशिराच.

जिन्यात सरांनी गाठलं. "तरी मी सांगत होतो. सगळ्यांसमोर चुकलात ना?"

"चुकले. तेवढंच नीट शिकवा मला."

"तो भाग तुमच्यासाठी नाही, ताई."

"मग तुम्ही माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. आवाजात मधाचा थेंब नव्हता. वर उभ्या असलेल्या पालकांनीही ऐकलं.

घरी येताना नवरा चाचरत म्हणाला, "मधे जरा जास्तच झालं नाही का?"

"नाही. कमी पडलं," ती म्हणाली.

नव्या क्लासला जायला तिला दोन बस बदलाव्या लागतात. तिथल्या बाई म्हाताऱ्या, तुसड्या आणि भयंकर कडक. पहिल्याच दिवशी मधला भाग ऐकून त्या म्हणाल्या, "राग खरा आहे, बोटं खोटी आहेत. पुन्हा." ती भडकली. पट्ट्यांवर हात ठेवले, आणि पुन्हा सुरू केलं.