आपल्या पायांनी

"घाल गळ्यात," पाटील म्हणाले.

बा बघतच राहिला. दोर त्याच्या पायाशी पडला होता. दुसऱ्या दिवशी पोळा. पोळ्याला गावातल्या बैलांना नवे दोर पुरवायचे, हे आम्हा मांगांचं काम. त्यातलाच हा एक. गड्यानं तो बैलाला बांधायला घेतला आणि टोकाकडून हातभर उलगडला. तो मी वळलेला होता.

"बैलाला चालत न्हाई, तर तुला चालंल. घाल."

बानं दोर उचलला. गळ्यात घातला. मग मुंडासं सरळ केलं. ते का केलं, मला अजून कळलेलं नाही.

दारात सात-आठ माणसं होती. कुणीतरी बैलासारखं हंबरलं. सगळे हसले.

"पोरानं वळला व्हय रं?"

"व्हय मालक. शेवटाची गाठ ऱ्हायली."

"शाळा सोडली, दोर सोडला. आरं, तुमच्यात कुनी कंदी काय पुरं केलंय का?"

"न्हाई मालक."

बानं उभ्या जन्मात एक दोर अर्धा टाकला नव्हता. आणि तो 'न्हाई' म्हणाला.

मी लिंबाखाली उभा होतो. बारा वर्षांचा. पुढं होऊन 'दोर माझा हाय' एवढंच म्हणायचं होतं. दोन पावलं टाकली. मग पळालो.

खोटं कशाला सांगू, मला सोडायची सवयच लागली होती. हलगी शिकायला घेतली, बोटं दुखली, सोडली. दोर वळताना वाख, म्हणजे केकताडाच्या काटेरी पानांचा धागा, हाताला खाजतो. तळवे लाल होतात. शेवटची गाठ आवळायच्या आधीच मी उठलो होतो. त्यात पाटलाचा दोष नव्हता. माझाच होता.

शाळा तर तीनदा सोडली. खर्ड्याच्या बाजूचं आमचं गाव, एका खोलीची शाळा. आम्ही उंबऱ्याबाहेर बसायचं. पहिल्यांदा सोडली ती उन्हामुळं. दुसऱ्यांदा पाण्यामुळं, वरून ओतायला कुणी आलं नाही, तर दिवसभर तहानेलं बसायचं. तिसऱ्यांदा शुद्धलेखनामुळं. मास्तर आतून वाक्य वाचायचे, एकदाच. बाहेर अर्धंच यायचं. मी म्हणालो, "मास्तर, आयकू आलं न्हाई." ते म्हणाले, "ऐकू येत नाही तर बसलास कशाला? जा घरी."

मी पाटी उचलली आणि घरी गेलो. मला शाळेत घालायला बानं किती खेटे घातले होते. सोडताना मात्र कुणी एक शब्द विचारला नाही.

पाटलांच्या दारातून पळालो त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा बा तोच दोर उलगडून पुन्हा वळत होता. आई दुसरं टोक धरून बसली होती.

"कुठं गेल्तास?" बा म्हणाला.

"पळालो."

"आन मी? मला पळता येत हुतं का?"

आईनं टोक माझ्या हातात दिलं आणि चुलीकडं गेली. मी धरून बसलो. हात खाजले. सोडलं नाही. शेवटची गाठ मी आवळली. बानं ती दोनदा ओढून पाहिली. त्याच्या मानेवर लाल वळ होता. मला त्याच्याकडं बघवेना.

पोळा झाल्यावर शाळेत गेलो. मास्तर म्हणाले, "आलास? किती दिवसांसाठी?" पोरं हसली. मी उंबऱ्याबाहेर जाऊन बसलो.

चौथ्या दिवशी शुद्धलेखन. तेच. अर्धं वाक्य आलं, अर्धं आत राहिलं.

"मास्तर, आयकू आलं न्हाई."

"मग ऊठ. घरी जा."

पाय हलले. खरंच हलले, सवयीनं. पाटी हातात घेतलीसुद्धा. मग ती पुन्हा मांडीवर ठेवली.

"ऊठ म्हणतोय ना!"

मास्तर तरातरा उंबऱ्यापर्यंत आले. हात उगारला. आणि तो हात तसाच थांबला. मी डोळे मिटून घेतले होते, ते उघडले. मास्तर माझ्याकडं नाही, आपल्या हाताकडं बघत होते. मला हात लावला असता तर त्यांना घरी जाऊन आंघोळ करावी लागली असती.

तेव्हा मला कळलं. या माणसाला मला इथून उठवताच येत नाही. तीनही वेळा त्यांनी मला काढलं नव्हतं. त्यांचं काम मी माझ्या पायांनी करून दिलं होतं.

त्यांनी छडी फेकली. गुडघ्याला लागली. रक्त आलं. पण छडी मला उचलून रस्त्यावर टाकू शकत नव्हती. मास्तर आत गेले आणि पुढचं वाक्य आणखी हळू आवाजात वाचलं. मला काहीच ऐकू आलं नाही. पाटीवर एक ओळ कोरी सोडली आणि बसून राहिलो.

त्या वर्षी मी नापास झालो. कोऱ्या ओळींना गुण कोण देणार? बाला सांगितलं. तो म्हणाला, "उंद्या जातूस का?" मी म्हणालो, "जातू." आणि गेलो. पुढच्या वर्षी कसाबसा पास झालो. पुढं नगरच्या वसतिगृहात ज्यांनी मला जागा दिली, जेवू घातलं, परीक्षेला बसवलं, त्यांचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी पदवीधर झालो तेव्हा बा राहिला नव्हता. तो गेला त्या वर्षीही त्यानं पोळ्याचे दोर पाटलांच्या दारात नेऊन दिले होते. त्याच्या गळ्यातला दोर काढायला त्या दिवशी मी पुढं झालो नाही. पदवी मिळाली म्हणून ते भरून येत नाही.

आता मीही शिक्षक आहे. अजूनही माणसं मला सुचवतात, इथं बसू नका, तिथं बरं पडेल. गोड बोलून सुचवतात. पाय अजून हलतात. मी उठत नाही.

मी आता कुठूनही आपल्या पायांनी निघून जाणार नाही. ज्याला मला घालवायचं असेल त्यानं पुढं यावं, आणि हात लावावा.