कंडोन करा, असं मी लिहिलं नाही

कॉलेजच्या बाबूनं छापील अर्ज माझ्यापुढे सरकवला. "दीदी, नाम भरो, मम्मी से साइन करवाओ, बस." माझी हजेरी कमी पडली होती. अर्ज मंजूर झाला नाही तर बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं, म्हणजे अख्खं वर्ष वाया. आईला लकवा मारला होता आणि रोज सकाळी तिला तात्यापाऱ्यातल्या घरून समता कॉलोनीतल्या क्लिनिकमध्ये उजव्या हाताच्या व्यायामाला मीच नेत होते. बाबा रेल्वेत, त्यांना सुट्टी मिळेल तर शपथ!

घरी आईनं विचारलं, "काय लिहून हाय?" आजारापासून ती एकेक शब्द ओढून बोलते. अर्जात इंग्रजीतलं एकच वाक्य होतं, माझी गैरहजेरी अमुक करावी असं, आणि त्यातलं क्रियापद मलाच माहीत नव्हतं: कंडोन. असा शब्द कोणी बोलताना मी कधी ऐकला नव्हता. मोबाइलवर अर्थ पाहिला. चूक आहे हे माहीत असूनही ती चालवून घेणे. खाली उदाहरणं होती, मारहाणीची, कॉपीची. मी आईला ते जसंच्या तसं सांगून टाकलं.

आई आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिली. "म्हंजे मले नेत होती... ते चूक?"

डोकंच फिरलं माझं. अर्ज टराटरा फाडला.

संध्याकाळी बाबा भडकले. "काहून जिद्द करून राहिली वो? एका शब्दापायी वर्ष घालवशीन काय?"

"घालवीन. पण याची माफी मागणार नाही."

म्हटलं खरं, पण सगळ्या मैत्रिणी पुढे जातील आणि मी इथेच राहीन, या विचारानं घाबरले होते मी.

तरी साधा कागद घेतला आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं: इतके दिवस मी आईसोबत होते. तिचा हात आता हलतो. खालची सही तिनं त्याच हातानं केली आहे. मला परीक्षेला बसू द्या.

सही करताना पेन दोनदा खाली पडला. मी तिचा हात धरायला गेले, तर म्हणाली, "सोड!"

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी अर्ज वाचून चष्मा काढला. "बेटा, नियम में जो शब्द है, वो क्यों नहीं लिखा?"

"सर, गलती की होती तो लिखती."

त्यांनी त्या वाकड्या सहीवरून बोट फिरवलं. मग कोपऱ्यात नियमातला तो शब्द त्यांनी स्वतः लिहिला आणि खाली सही ठोकली. लिहू देत. नियम त्यांचा, शब्दही त्यांचा.

घरी येऊन मंजुरीचा कागद आईपुढे धरला. तिनं तो उजव्या हातात घेतला आणि पडू दिला नाही.