हाताचंच काम

हवालदार नाथाजी फौजेतून निवृत्त होऊन कोरेगावजवळच्या गावी परतले, तेव्हा त्यांची मुलगी शिवांजली तेरा वर्षांची होती. पुढची नऊ वर्षं पहाटे ती सायकलवर पुढे आणि ते मोटरसायकलवर मागे, असा नेम चालला. राज्याच्या सायकल संघाची निवड चाचणी येत्या मार्चमध्ये होती. वयोगटाप्रमाणे तिची ही शेवटची संधी.

ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेल्या चिखलात तिची सायकल घसरली. डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढं डॉक्टर म्हणाले, "पोहू दे. पाय मोकळा राहील असं. त्यावर जोर नको."

गावात पोहण्याजोगं पाणी नव्हतं. पावसाळा सरल्यावर नाथाजींनी तिला सांगलीला बहिणीकडे, मनुबाईंकडे आणलं. घर कृष्णाकाठी होतं. शिवांजली सकाळी पोहायची, नाथाजी घाटावर उभे असायचे. शर्यतीच्या होडीचे म्होरके आप्पासो तिचा दम आठवडाभर पाहत होते.

"आवं हवालदार, पोरीला वल्हं मारू द्या की. हाताचंच काम हाय, पायाला काय व्हतंय?"

नाथाजींना ते पटलं. डॉक्टरांना फोन करावा, असं मनात आलं नाही. फौजेत मिळालेला हुकूम पुन्हा विचारायची रीत नव्हती.

होडीत वल्हं ओढताना माणूस पुढच्या आडव्या फळीला पाय रोवतो. जोर पायातून कमरेत आणि तिथून हातात येतो. आप्पासोंचं सारं आयुष्य असं वल्हवण्यात गेलं होतं, म्हणूनच त्यांना ते वेगळं सांगावंसं वाटलं नाही. नाथाजींना काठावरून फक्त तिचे हात दिसत.

सहा आठवडे ती वल्हवत होती. जेवण वाढलं, चेहरा खुलला. होडीतली माणसं तिला चिडवायची.

"ताई, इका ती सायकल आन् आमच्यात या!"

"इकते की. पर मग तुमास्नी हरवायला कोण येनार?"

घाटावर नाथाजी मोठ्यानं हसायचे.

जानेवारीत डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "पाय कशावर रेटत होतीस?" जोडलेला सांध्याचा बंध पुन्हा सैल झाला होता. दुसरी शस्त्रक्रिया करावी लागणार होती. चालता येईल, शर्यत नाही.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर नाथाजींनी तिला विचारलं.

"दुखत हुतं तर बोलली का न्हाईस, पोरी?"

"पैल्या आठवड्यापासनं दुखत हुतं."

"मग?"

"तुमी हसत हुता, आबा. ऑगस्टपासनं पैल्यांदा."

मनुबाईंना ठाऊक होतं. रोज संध्याकाळी त्याच गुडघ्यावर हळदीचा गरम लेप लावायच्या. सांगू नकोस, अशी शपथ पोरीनं घातली होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात चाचणीच्या संयोजकांचा फोन आला. नाव यादीत होतं, येणार का? शिवांजली शेजारीच पाय लांब करून बसली होती.

"न्हाई येत," नाथाजी म्हणाले.

पलीकडून कारण विचारलं.

"कारण... चूक माझी..."

शिवांजलीनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"गुडघा, असं लिहा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.