उपाशी ठेवलेला मोबाईल

"भाऊ, ठेवून घ्या जी," म्हणत तो ट्रॅक्टर ड्रायव्हर रोज सकाळी आपला मोबाईल माझ्या काउंटरवर पालथा ठेवायचा, ट्रॅक्टरवर निघून जायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. चामोर्शीत माझं पंक्चरचं दुकान. मला वाटलं, याच्या घरी लाईट नसेल. मी शहाण्यासारखा मोबाईल चार्जिंगला लावू लागलो.

चौथ्या दिवशी त्यानं वायर पाहिली आणि कपाळाला हात लावला. "असं नोका करू भाऊ. उपाशी ठेवा त्याले. तो भरला का मले बोलावते."

मग खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. मोबाईलवर नागड्या बाया पाहायचं व्यसन. बायको कंटाळून कुरखेड्याला माहेरी गेलेली. "बायको म्हणे, तुमी माह्याकडं पाहतच नाई. खरंच होतं भाऊ. कोणतीबी बाई दिसली त मले माणूस दिसेचना."

रविवारी टिनाच्या शेडमधल्या प्रार्थनेला तो जाऊ लागला होता. पास्टरनं सांगितलं होतं, एका तरी माणसाजवळ मन मोकळं कर. त्यात नेमका माझा नंबर लागला, मी पक्का मारुतीचा भक्त! "माह्याच्यानं होत नाई, येशूच्यानं होते," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा. त्या दिवसापासून मोबाईल माझ्या ड्रॉवरमध्येच राहिला. त्यानं साधा बटणांचा फोन घेतला.

रोवण्याच्या दिवसांत त्याच्या ट्रॅक्टरचं पंक्चर काढायला मी धानाच्या बांधीवर गेलो. बाया चिखलात वाकून धान रोवत होत्या आणि हा शेताच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाकडे टक लावून प्रार्थना पुटपुटत होता. एक म्हातारी ओरडली, "काऊन गा, मान आखडली का?" बाया खदखदून हसल्या. तोही लाजून हसला.

एकदा "बायकोले फोटो पाठवतो" म्हणून मोबाईल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला तो डोळे सुजवून. "पडलो भाऊ."

मला रागच आला. "मग तुझा येशू कुठी होता?"

"तिथीच होता जी. म्हणून त लाज वाटली."

मोबाईल त्यानं स्वतःच्या हातानं ड्रॉवरमध्ये टाकला. माझी मलाच जीभ चावावीशी वाटली.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी तो बायकोला घेऊन दुकानात आला. माहेरी जाऊन त्यानं तिला सगळं कबूल केलं होतं, पडलेलंही. मी मोबाईल पुढे केला. "बाई, आता तुम्हीच सांभाळा."

तिनं तो माझ्याकडेच सरकवला. "राहू द्या जी इथीच. काल हे दोन घंटे बोलले माह्यासंग." मग पदर सावरत हळूच म्हणाली, "माह्याकडं पाहून."

आता दोघं कुरखेड्याला तिच्या बापाची धानाची शेती करतात. मला त्याची फार आठवण येते. पाना काढायला ड्रॉवर उघडला की मोबाईल दिसतो. वायर जवळच लोंबत असते. मी लावत नाही.